दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका

रोज सकाळी आपण कात्रीने पिशवीचा कोपरा खटकन उडवतो आणि तो एवढुसा त्रिकोण सिंकमध्ये नाहीतर ओल्या कचऱ्यात जातो, इतका बारका की कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या हाताला लागतच नाही. म्हणून कट मारताना जरा आधी थांबायचं, कोपरा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. दूध तरीही नीट पडतं (पहिले दोन दिवस ओट्यावर सांडेल, मग हात बसतो). रिकामी पिशवी विसळायची, ते पाणी चहाच्या आधणात नाहीतर कुंडीत, आणि पिशवी उलटी करून चिमट्याला लटकवून पूर्ण वाळवायची, कारण ओली कोंबून ठेवली तर असा आंबूस वास सुटतो की घरचेच सगळा प्रोजेक्ट बंद पाडतात, आमच्याकडे झालंय हे. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, कॅरीबॅग गेल्या (कागदावर तरी), पण दुधाची पिशवी रोज येतेच ना. ती पॉलिथिनची असते, स्वच्छ असली की रिसायकल होते. महिनाभराच्या साठल्या की रद्दीवाल्याला विचारा, बरेच जण किलोवर घेतात. फक्त तेलाच्या पिशव्या त्यात मिसळू नका, सगळा गठ्ठा चिकट होतो.