बॉनेटखालून धूर येतोय? बॉनेट उघडू नका

मे महिना, दुपारचे चार. कात्रजच्या जुन्या घाटात आमच्या गाडीच्या बॉनेटवरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला. आधी रुपयाएवढा फोड आला, मग तो पापडासारखा पसरत गेला. भोरहून परत येत होतो. बायको, आई आणि सहा वर्षांची लेक नुकत्याच गाडीतून उतरल्या होत्या, आणि मी बॉनेटच्या फटीत बोटं घालून खटका शोधत होतो. मागून आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरदादांनी दंडाला धरून मला मागं ओढलं. "साहेब, उघडू नका, भडका उडंल तोंडावर!" त्यांच्या सीटखाली आग विझवायचा लाल सिलिंडर होता. तो त्यांनी फटीतून आणि चाकाच्या बाजूनं मारला. आग विझली.

माझा चेहरा शाबूत आहे तो त्या एका हाकेमुळे. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

१. वास ओळखा

आग लागण्याआधी गाडी बहुतेक वेळा सांगत असते. आमची चार दिवस सांगत होती. सर्व्हिसिंगहून आल्यापासून सकाळी गाडी सुरू केली की पेट्रोलचा वास यायचा. 'पंपावर सांडलं असेल' म्हणून मी सोडून दिलं. फिल्टर बदलताना पेट्रोलच्या पाइपाची क्लिप नीट आवळलेली नव्हती, हे नंतर कळलं.

पांढरी वाफ, गोडसर वास आणि टेम्परेचरचा काटा वर, म्हणजे कूलंट उकळतंय. ही आग नव्हे. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. कढईत तेल जळल्यासारखा वास आणि निळसर धूर असेल तर ऑइल गळून गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडतंय. जुन्या गाड्यांत बहुतेकदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलेलं असतं. रबर किंवा प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर संशय वायरिंगवर घ्या.

आणि कच्च्या पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच बंद करा. गॅरेजपर्यंत 'हळूहळू' नेऊ नका, मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेऊ शकते, तिला फक्त ठिणगी हवी. बॉनेटखाली इंजेक्शनच्या गाडीत हेच पेट्रोल तीन-चार बार दाबानं पाइपातून धावत असतं, आणि हातभर अंतरावर एक्झॉस्टचा लोखंडी भाग शेकडो अंश तापलेला असतो.

२. आधी गाडी थांबवा, मग किल्ली

धूर दिसला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नका. स्टिअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं. थांबताना खाली वाळलेलं गवत नाही ना, ते बघा. उन्हाळ्यात आपल्या घाटांच्या कडेला गवताशिवाय दुसरं काही नसतं. बोगद्यात असाल आणि समोर तोंड दिसत असेल तर बाहेर काढून थांबवा.

गाडी थांबली की लगेच इग्निशन बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. किल्ली बंद झाली की पंप थांबतो आणि आगीला मागून येणारं पेट्रोल तुटतं. चढावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

३. माणसं बाहेर, सामान आत राहू द्या

दारं लगेच उघडा. वायरिंग जळालं की सेंट्रल लॉक आणि काचा दगा देऊ शकतात. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती बाहेरूनच उघडावी लागतात, म्हणून मोठ्यांपैकी एकानं आधी मुलांकडे धावायचं. आई पर्स शोधत होती. तिला मी जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. लॅपटॉप, कागदपत्रं, डिकीतली बॅग, कशासाठीही परत आत जायचं नाही. सीटचा फोम जळाला की होणारा धूर विषारी असतो, दोन-चार श्वासांत माणूस गळपटतो.

उतरण्याआधी, आत ज्वाळा नसतील तरच, डॅशबोर्डखालचा बॉनेटचा खटका एकदा ओढा. बॉनेट दोन बोटं वर येऊन दुसऱ्या हुकावर अडकतं. तेवढी फट पुढं कामाला येते.

४. लांब जा आणि फोन करा

निदान ३० मीटर लांब, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला उभं राहा. चढावर असाल तर गाडीच्या वरच्या अंगाला, कारण जळतं पेट्रोल उताराकडे वाहतं. गाडीच्या बरोबर समोर किंवा मागं थांबू नका. बॉनेट, डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे तापून फुटतात आणि गोळीसारखे उडतात. टायरही फुटतात. हायवेवर कठड्याच्या पलीकडे जा; पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मागून येणारा ट्रक आगीपेक्षा आधी गाठू शकतो.

फोन १०१ किंवा ११२ वर. सातारा रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. कुठल्या रस्त्यावर आहात, कोणत्या दिशेला तोंड आहे, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता, आत कुणी अडकलंय का, हे एका दमात सांगा. नुसतं 'घाटात आहे' म्हणू नका. आणि गाडी सीएनजीची असेल तर ते आवर्जून सांगा. टाकीत गॅस २०० बार दाबाला असतो, अग्निशमनच्या जवानांना तयारीनं यावं लागतं. अशा गाडीला स्वतः विझवायला जाऊ नका.

५. बॉनेट का उघडायचं नाही

बंद बॉनेटखाली हवा कमी असते, म्हणून आग आतल्या आत धुमसत राहते. बॉनेट वर उचललं की हवा भसकन आत शिरते आणि ज्वाळा थेट उघडणाऱ्याच्या अंगावर येते. पत्राही तोवर हात भाजण्याइतका तापलेला असतो.

सिलिंडर जवळ असेल, आग लहान असेल आणि सगळे लांब गेलेले असतील, तरच प्रयत्न करा. पिन काढा, वाऱ्याकडे पाठ करा, आणि बॉनेटच्या फटीतून, पुढच्या जाळीतून किंवा चाकाच्या वरच्या बाजूनं आगीच्या मुळाशी पावडर मारा. १ किलोचा सिलिंडर जेमतेम ८-१० सेकंद चालतो. तेवढ्यात विझली नाही तर सोडून द्या, मागं फिरा. बाटलीतलं पाणी टाकू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. विझल्यासारखी वाटली तरी बॉनेट अग्निशमनवाले येईपर्यंत बंदच राहू द्या. गरम लोखंडावर पेट्रोलचा थेंब पडला की आग पुन्हा पेटते.

६. विझल्यावर

गाडी पुन्हा सुरू करून बघायची नाही. फोटो काढा: नंबरप्लेटसकट चारही बाजू, मग इंजिन. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलीस चौकीत नोंद करा आणि अग्निशमन दलाकडे घटनेच्या दाखल्यासाठी अर्ज द्या. गाडी टो करून न्या, पण विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्यांना काहीही खोलू देऊ नका. आमच्याकडे क्लिपचा फोटो होता, म्हणून बोलणं सोपं गेलं.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल तर दावा अडकू शकतो, तेव्हा हे आजच तपासा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. गाडी कायमची निकामी झाली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. पुण्याची, एमएच १२ नंबरची गाडी असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

७. रविवारची दहा मिनिटं

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन आत नीट बघा. पहिल्यांदा फडकं शोधा. गाडी पुसणारे, मेकॅनिक, कधी आपण स्वतःही ते आत विसरतो, आणि तेलकट फडकं गरम एक्झॉस्टवर म्हणजे काकडाच. मग उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते उबेला इंजिनवर येतात, वाळकी पानं आणि कागद आणून घर करतात, वायरी कुरतडतात. काळ्या तांदळाच्या दाण्यांसारख्या लेंड्या दिसल्या की वायरिंग तपासून घ्या.

पेट्रोलचे पाइप बोटानं दाबून बघा. कडक झालेला, बारीक चिरा पडलेला पाइप बदला. २०२३च्या आधीची गाडी असेल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे रबराकडे जास्त लक्ष हवं. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी करायची असते. तारीख टाकीच्या पट्टीवर असते.

आणि वायरी कापून जास्तीचे लाइट, मोठा हॉर्न बसवू नका. बसवायचेच असतील तर वेगळा रिले (जास्त करंट पेलणारा विजेचा स्विच) आणि वेगळा फ्यूज घालून. १० अँपियरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथं ३० चा टाकला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

सिलिंडर एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा घ्या. मी तो ड्रायव्हरच्या सीटसमोर पट्ट्यानं बांधलाय, डिकीत ठेवलेला नाही. धक्क्यांनी आतली पावडर तळाशी बसते, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला काटा हिरव्यात आहे ना ते बघतो आणि सिलिंडर उलटा करून हलवतो. आता ते काम लेकीनं स्वतःकडे घेतलंय.