कोकणात पावसाचं ॲप निवडताना

जुलैत ‘पावसाची शक्यता ९० टक्के’ सांगणारं ॲप कोकणात काय कामाचं? पाऊस पडणारच आहे. किती पडेल, हे मिलिमीटरमध्ये दाखवणारं ॲप घ्या. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार आणि ११५.६ मिमीपासून अतिमुसळधार, तर २०४.४ मिमीच्या वर अत्यंत मुसळधार.

दुसरं बघायचं ते अंदाज कुठल्या मॉडेलचा, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या कुठल्या संगणकी प्रणालीचा आहे. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा एकच अंदाज काढतं. अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपच्या मॉडेलचा ९. इतक्या अंतरात आपल्याकडे खाडी, सडा आणि डोंगर सगळंच येतं, म्हणून एका गावात कोरडं आणि शेजारच्या गावात धो धो हा प्रकार ॲपला नीट कळत नाही. विंडी या ॲपवर गावावर बोट ठेवून दोन्ही मॉडेलं ताडून बघता येतात. दोघांचं जमत असेल तर कापडं बाहेर वाळत घालायची की नाही ते ठरवा. फारच फरक असेल तर आकाशाकडेच बघितलेलं बरं.

इशाऱ्यांसाठी मात्र हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप हवंच. जिल्ह्याच्या इशाऱ्याचा पिवळा, नारंगी, लाल रंग तिथे थेट दिसतो, फॉरवर्ड झालेल्या शिळ्या मेसेजची गरज नाही. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप. मे-ऑक्टोबरात बागेत किंवा शेतात असाल तर ते ठेवाच, आणि लोकेशनची परवानगी चालू ठेवा, नाहीतर जवळ वीज पडल्याचा इशारा तुम्हाला कसा येणार? होडी घेऊन जाणाऱ्यांनी पावसाचा अंदाज बघण्याआधी वारा आणि लाटांची उंची बघावी. त्याचे इशारे हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी सागरी माहिती केंद्र देतं.