या चुका टाळा: रास्ना लाडानंच मरते

मे महिन्यातल्या वादळात आंब्याची फांदी मोडली, की तिच्यावर बसलेलं रास्ना नावाचं ऑर्किडही खाली येतं. परतवाड्याकडच्या आमच्या भागात हे नेहमीचंच. माझी पहिली रास्ना अशीच धुऱ्यावरून उचलून आणलेली. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, वावरातली काळी माती भरली, वर मूठभर शेणखत टाकलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. आषाढात खोड बुडाशी काळं पडलं. बोटानं दाबलं तर साल सुटून हातात आली.

पहिली चूक हीच, आणि बहुतेक रोपं हिच्यातच जातात. रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा, झाडांच्या सालीवर आणि क्वचित खडकावर वाढणारं ऑर्किड आहे. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कपाशीला मानवते, पण रास्नेची मुळं त्यात गुदमरून कुजतात. या मुळांवर मेलेल्या पेशींचं पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस आला की ते पाणी ओढून घेतं, आणि मग त्याला वारा लागावा लागतो. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, ओलं मूळ हिरवं. पाणी द्यायचं का, हे त्या रंगाला विचारा. हिरवं असेल तर तांब्या खाली ठेवा. तपकिरी, पिचपिचीत मूळ मेलेलं असतं; स्वच्छ ब्लेडनं कापून टाका आणि रोप दोन-तीन दिवस सावलीत कोरडं टांगा.

दुसऱ्यांदा मी रास्ना अंगणातल्या आंब्यावर बांधायला घेतली, तर शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काऊन गा, चांगल्या झाडाले बांडगूळ लावतं काय?" त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. व्हँडा हे नाव संस्कृतातल्या 'वंदा'वरून आलं, आणि वंदा म्हणजे झाडावर पोसणारी परजीवी वनस्पतीच. पण रास्ना आंब्याचा एक थेंबही पीत नाही. जवळ जाऊन बघा: बांडगुळाचं लाकूड फांदीत घुसून एकजीव होतं, तिथं फांदी गाठीसारखी फुगते. रास्नेची मुळं सालीवर नुसती सरपटतात, नख घातलं तर सुटून येतात. बागेतलं बांडगूळ जरूर छाटा, पण त्या झपाट्यात रास्नेवर कोयता चालवू नका.

गुडघेदुखीसाठी मुळं उकळायची म्हणूनही लोक ती ओरबाडतात. आयुर्वेदात रास्ना म्हणून प्रामुख्यानं वापरतात ती प्लुचिया लॅन्सियोलाटा, जमिनीवरचं वेगळंच झुडूप. बंगालकडे मात्र व्हँडाची मुळं रास्ना म्हणून वापरतात, आणि घोळ तिथूनच. आणि जंगलातून रोप उपटून आणणं तर नकोच. राखीव वनात आणि व्याघ्र प्रकल्पात तो गुन्हा आहे. शिवाय हिच्या शेंगेत धुळीसारखं बी असतं खूप, पण त्यात अन्नसाठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. तोडलेलं एक रोप भरून निघायला वर्षं जातात. पडलेली फांदी, तोडलं जाणारं झाड, नाहीतर रोपवाटिका, एवढ्यावर भागवा.

बांधायची वेळ मृगाची. पावसाच्या सुरुवातीला मुळांना नवी टोकं फुटतात आणि साल धरतात. हिवाळ्यात बांधलेलं रोप नुसतंच लोंबकळतं. आंबा, मोह, चिंच अशी खडबडीत सालीची झाडं घ्या. पेरू आणि निलगिरी टाळा, त्यांची साल सोलून पडते आणि रोपही तिच्याबरोबर. तारेनं करकचून बांधू नका, उन्हात ती तापते आणि खोडात रुतते. जुन्या लुगड्याची पट्टी सगळ्यांत बरी, मुळं धरेपर्यंत टिकते आणि मग आपोआप विरते. खाली नारळाच्या काथ्याची गादी करायचा मोह होतो, पण पावसाळ्यात ती आठवडाभर ओली राहते. पुन्हा तीच कूज.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. पारा 45च्या घरात गेला की रोप सकाळी भिजवा आणि दिवस मावळल्यावर मुळांवर पुन्हा फवारा मारा. दुपारी नळीतलं पाणी चहाइतकं तापलेलं असतं, ते मुळांवर घालू नका. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं मुळांच्या टोकांवर पांढरा थर बसतो आणि टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवून ठेवलं असेल तर ते वापरा. पानांवर खोलगट काळे डाग म्हणजे ऊन लागलं. पानं गर्द हिरवी, पण वर्षानुवर्षं फूल नाही, म्हणजे सावली जास्त. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी पानांतून गाळून आलेला उजेड तिला पुरतो.

खत कमीच. पावसाळ्यात पंधरवड्याला लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम 19:19:19 (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत) पुष्कळ झालं. युरियाचा दाणा मुळाला चिकटू देऊ नका.

आणि एक चूक फक्त शेतकऱ्याच्या घरीच होते: तणनाशकाचा पंप विसळून त्यानंच ऑर्किडवर फवारणी. पंपात राहिलेला अंशही कोवळ्या शेंड्याला नडतो, आणि रास्नेला शेंडा एकच. तो गेला तर बुडाशी नवं पिल्लू फुटेल या आशेवर बसावं लागतं. पिठ्या ढेकूण दिसले तर जुना दातब्रश आणि साबणाचं पाणी बास. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचा.

खालची एक-दोन पानं पिवळी पडून गळाली, तर त्यांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्या. आंब्यावर बांधलेली माझी रास्ना तिसऱ्या वर्षी फुलली: पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली पाकळी जांभळट निळी. काका कुंपणापाशी आले, वास घेतला आणि म्हणाले, "माह्या चिंचीले बांधून देतं का एक?"