ताईंचं बिऱ्हाड लावताना

माझा छोटा हत्ती टेम्पो आहे, बेळगावच्या शहापुरातून भाडी मारतो. गणपतीत मंडळाची मूर्तीही त्यातूनच येते. एकदा बायकांच्या निवारागृहातल्या मॅडमनी, नवऱ्याच्या छळामुळं घर सोडलेल्या एका बाईंचं सामान नव्या खोलीवर पोचवायला बोलावलं. तेव्हापासून मंडळातली आठ-दहा पोरं-पोरी हे काम करतोय. नव्यानं करणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो.

आधी फोन खिशात ठेवा. दुसऱ्याच खेपेला आमच्यातल्या एकानं भरलेल्या टेम्पोचा फोटो स्टेटसला टाकला. मागं गल्लीची कमान दिसत होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा चुलतभाऊ कमानीजवळच्या पानपट्टीवर चौकशी करत उभा! त्याच रात्री खोली सोडावी लागली, डिपॉझिटही बुडालं. कणीक नुकती मळली होती. पोरगी केबिनमध्ये परात मांडीवर घेऊन बसली. आता सामान भरताना सगळ्यांचे फोन माझ्या डॅशबोर्डात असतात. मंडळाचा बॅनर नाही, पिशवीवर कुठल्या पुढाऱ्याचं नाव नाही.

वहिनी म्हणू नका, ताई म्हणा. वहिनी म्हटलं की दादा कुठाय, हे आलंच.

खोली बघायला ताईंबरोबर एक पोरगी जाऊ दे. घरमालक हमखास विचारतो, "नवरा काय करतोय?" याचं उत्तर ताईंनी आधी ठरवायचं आणि आपण त्यात भर घालायची नाही. मी एकदा घाबरून "दुबईला असतोय" म्हणून गेलो. त्या ताईंना पुढं सहा महिने दुबई सांभाळावी लागली.

आतली कडी हलवून बघा. भाड्याच्या खोलीत ती बहुतेक अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत असते, एका लाथेत निघेल. चौकट लाकडी असेल तर दीड-दोन इंची स्क्रू मारा. पेचकस घरून न्या. गॅसला 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

कागदांत पहिलं आधार. त्याला बहुतेक वेळा नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो, म्हणजे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, कागद लागत नाही. फोनवरचं गूगल खातं कुणी उघडून दिलं, लोकेशन कुणाला जातंय, तेही बघायचं. पण फोन ताईंच्याच हातात हवा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात आणि ती बहुधा सासूच असते. वेगळं कार्ड लगेच होईल, असं सांगू नका. मॅडमना विचारा.

मूल आठवीपर्यंतचं असेल तर जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायदा तसं सांगतो. दाखल्याच्या मागं धावलं की नव्या शाळेचं नाव जुन्या गावात पोचतं. आधी पोरगं वर्गात बसवा.

आपल्याकडची अडचण सीमेची. सासर महाराष्ट्रात चंदगडला, आसरा कर्नाटकात बेळगावात. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर इथल्या बसचं बायकांसाठीचं फुकट तिकीट मिळत नाही. पहिल्या महिन्याच्या बसभाड्याचे पैसे वर्गणीतून बाजूला काढा. केस मात्र तिकडं जाऊन घालावी लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात, 27 व्या कलमाप्रमाणे, ताई तात्पुरत्या राहतात तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू असतो. या कायद्यात ताईंना मदत करायला संरक्षण अधिकारी असतो; कर्नाटकात तो म्हणजे तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. तिथं कागद कन्नडात असतात. आमच्यातली एक पोरगी कन्नड माध्यमात शिकली, तिला नेतो. सही करण्याआधी ती प्रत्येक ओळ मराठीत सांगते.

पोरांना एक हौस असते, "चल गा, टेम्पो घेऊन सासरी जाऊन सामान उचलूया." अजिबात नाही. स्त्रीधन परत द्यायचा आणि पोलिसांनी मदत करायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. तोवर ताट-वाटी, पातेली, चादरी आपण गोळा करायच्या. चेपलेली भांडी घेऊ नका, परत पाठवा. फाटक्या साड्या देणाऱ्यांना मी तोंडावर नाही म्हणतो.

पहिले पंधरा दिवस दोन पोरी एक दिवसाआड जातात. पोरं फक्त ओझं असेल तेव्हा, आणि दिवेलागणीच्या आत परत. दारात कुणी आलं तर पोलिसांचा 112, सल्ल्याला महिला हेल्पलाइनचा 181. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून गॅसच्या वर चिकटवतो. आमचे नंबर ताईंकडे असतात. ताईंचा नंबर आमच्यात एकाच पोरीकडे, माझ्याकडेही नाही.