जुन्या गावच्या फोटोंतील माणसे आणि ठिकाणे ओळखताना या चुका टाळा

फोटो दाखवताना आपणच नाव सुचवणे ही मला सर्वांत घातक वाटणारी चूक आहे, आणि नवशिके ती पहिल्याच भेटीत करतात. साताऱ्याकडील एका गावात मीही ती केली. शाळेसमोर बसलेल्या मंडळींचा फोटो ऐंशी ओलांडलेल्या एका आजींपुढे धरून मी विचारले, "हे थोरले पाटीलच ना?" त्या हो म्हणाल्या. पुढच्या तीन घरांत माझ्याआधीच ते नाव पोहोचले होते, त्यामुळे तेथेही होकारच मिळाला आणि यात्रेच्या स्मरणिकेत आम्ही ते छापून टाकले. काही महिन्यांनी मूळ प्रत स्कॅन करून मोठी केली, तेव्हा दारावरच्या पाटीवरील "जि. प." ही अक्षरे स्पष्ट वाचता आली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि थोरले पाटील तर १९५७ मध्येच वारले होते. आजींकडे परत गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुमीच पाटील म्हणलासा, मग मी न्हाई कशाला म्हणू?" ते गृहस्थ पाटलांचे धाकटे बंधू निघाले. चुकीच्या नावाच्या त्या प्रती आजही घराघरांत आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हापासून मी आधी जागा विचारतो, मग प्रसंग, मग कोण कोणाशेजारी बसले आहे ते, आणि नाव सर्वांत शेवटी. तेही दोन जाणकारांना वेगवेगळे गाठून. "दादा" किंवा "आक्का" एवढेच उत्तर मिळाले, तर कोणाचे दादा आणि कोणाची आक्का हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने नावासोबत वडिलांचे नावही हवे. स्त्रियांची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावे नोंदवली नाहीत, तर पुढच्या पिढीला त्या सापडत नाहीत.

मागे महाल किंवा बाग दिसली म्हणून ठिकाण ठरवू नये. तो बहुधा फोटोग्राफरचा रंगवलेला पडदा असतो, आणि अंगातला कोटही पुष्कळदा त्याचाच असतो. देवळावरूनही घाई करू नये. जीर्णोद्धारात शिखर, रंग, सभामंडप सारेच बदलते, परंतु मागच्या डोंगराची कड बदलत नाही, म्हणून मी फोटो हातात घेऊन ती कड जुळेपर्यंत गावाभोवती फिरतो. उजनीच्या जलाशयात गेलेल्या जुन्या पळसदेवसारख्या ठिकाणी मात्र पाणी ओसरून देऊळ उघडे पडण्याची वाट पाहावी लागते.

शर्टाचा खिसा त्या माणसाच्या उजव्या छातीवर, म्हणजे आपल्याला फोटोत डावीकडे दिसला, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असावी, असा संशय घ्यावा.

मोबाइलवरील ॲपने चेहरा "स्वच्छ" करून मग ओळख पटवणे मला मुळीच मान्य नाही, कारण पुसट झालेले नाक-डोळे ते ॲप अंदाजाने नवे भरते आणि आपण नसलेल्याच माणसाचे नाव शोधत बसतो. मूळ फोटोचे साधे स्कॅन, मागच्या बाजूसकट, पुरेसे असते. त्या मागच्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने कडेला क्रमांक घालावा आणि नावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख वहीत लिहावी.