पाहुण्यांना चपला काढायला कसं सांगावं

चपला काढायला सांगण्याची वेळ फार थोडी असते. जाळीचा दरवाजा उघडल्यापासून पाहुण्याचा पहिला पाय लादीवर पडेपर्यंत, बस. त्यात बोललात तर कुणाला काही वाटत नाही. माणूस एकदा सोफ्यावर टेकला की मग सांगू नये. बूट आले ते आले. हसतमुखाने पाणी द्यावं आणि तो गेल्यावर लादी पुसून घ्यावी.

आम्ही मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतीत राहतो. देवघर हॉलमध्येच आहे आणि सासूबाई अजून खाली फतकल मारून भाजी निवडतात. म्हणजे रस्त्यावरच्या पिचकाऱ्या आणि स्टेशनच्या जिन्यावरचा चिखल, जे काही बुटाला लागून येईल ते थेट मेथीच्या जुडीशेजारी. त्यामुळे या बाबतीत आमच्याकडे सूट नाही. तरी आजवर पाहुणा रुसून गेलेला नाही, कारण बहुतेक वेळा तोंडाने सांगायची पाळीच येत नाही.

त्याचं असं आहे, की माणूस दारात आला की आधी खाली बघतो. तिथे चार जोड नीट लावलेले दिसले की हात आपोआप बक्कलकडे जातो. म्हणून कुणी येणार असेल तर घरातल्यांच्या दोन-तीन चपला मुद्दाम दाराशी ठेवा. सगळ्या कपाटात कोंबून दार चकाचक केलंत तर येणाऱ्याला काय कळणार? पाटी मात्र लावू नका. ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’ हे दवाखान्याच्या दारात शोभतं. घरावर असली पाटी लावायची हौस पुणेकरांनी करावी.

जागा कुठली द्यायची हा मुंबईतला खरा प्रश्न. बाहेरच्या पॅसेजमध्ये रॅक ठेवला की कमिटीची नोटीस येते आणि त्यांचं चूक नाही. आग लागली तर धुरातून बाहेर पडायची वाट तीच, आणि तिथे रॅकला अडखळून माणसं पडतात. शिवाय महागडे बूट बाहेर ठेवायला लोक कचरतात. कुत्रं एखादा पळवतं, कधी दोन्ही पायांची माणसंच पळवतात. मी दाराच्या आत, उघडणाऱ्या फळीच्या मागे, एक प्लॅस्टिकचा उथळ ट्रे ठेवलाय. पुढे जाड पायपुसणं, बाजूला बुटका स्टूल. स्टुलावाचून काही करू नका. एका पायावर उभं राहून, दुसऱ्या हाताने भिंत धरून नाडी सोडणाऱ्या माणसाला आपण काय छळतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता बोलायचं कसं. स्वागत आणि सूचना एका दमात, आणि त्याला जोडून पुढचं काहीतरी: “या या, चपला इथेच ट्रेमध्ये काढा, पंख्याखाली बसा, पाणी आणते.” मध्ये थांबायचं नाही. थांबलात की त्या वाक्याचा हुकूम होतो. “आमच्याकडे ना, चपला चालत नाहीत” हेही नको. त्यात समोरच्याच्या घरी चालतात असा टोमणा ऐकू येतो. वडीलधारे असतील तर मी स्टूल पुढे सरकवते, “काका, बसून काढा सावकाश.” भाचे-पुतण्यांना एवढे सोपस्कार लागत नाहीत, “ए, बूट!” एवढं पुरतं.

सगळ्यात घोटाळा होतो तो पाहुणाच विचारतो तेव्हा. “चपला काढू का?” म्हटलं की आपल्या जिभेवर आधीच बसलेलं असतं, “असू दे हो, असू दे!” मनात नसतं, त्यालाही ते माहीत असतं, तरी निम्मे लोक शब्द खरा धरून आत येतात आणि यजमानीण तासभर त्यांच्या टाचांकडे बघत बसते. विचारलं तर सरळ म्हणावं, “हो, काढा ना.” विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, भीड नको असते.

ऑफिसातून परस्पर येणाऱ्यांची अडचण वेगळी. दिवसभर बंद बुटात घामेजलेले मोजे, एखाद्याच्या अंगठ्याशी भोक. अशा माणसाला मी बाथरूम दाखवते, “पाय धुवायचे असतील तर टॉवेल आतच आहे.” मोज्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. नुसत्या मोज्यांवर व्हिट्रिफाइड टाइल्स सटकतात, म्हणून धुतलेल्या रबरी स्लिपरचे दोन जोड तयार असतात, एक मोठा आणि एक मध्यम. ज्यांचं येणं आधी ठरलंय त्यांना पत्ता पाठवतानाच लिहावं, “लिफ्ट नाही, आणि आमच्याकडे चपला दारात काढतात.” शब्दाला शब्द नको, माणूस तयारीने येतो.

काही जणांना अजिबात सांगू नये. जुना मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना कमी होते. खडा टोचला तरी कळत नाही आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. डॉक्टरच त्यांना घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हणून बजावतात आणि मऊ तळाची एमसीआर चप्पल देतात. माझ्या मावशींच्या पायात तीच असते. मी ओल्या फडक्याने तळ पुसते आणि त्या आत येतात. गुडघ्याच्या बेल्टवाले, काठीवाले, दिवस भरत आलेली बाई, यांनी वाकून पट्टा काढावा अशी अपेक्षाच ठेवू नये. कुणी वाईट बातमी कळून धावत आलं असेल तर चपलांकडे बघायचंही नाही.

कामाला आलेल्यांचं मी असं ठरवलंय: इलेक्ट्रिशियनला चपला काढायला सांगत नाही, विजेचं काम अनवाणी करणं धोक्याचं. सिलिंडरवाल्याच्या खांद्यावर १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं तेवढंच वजन. त्याला दारात थांबवून नाडी सोडायला लावणं मला जमत नाही. दारापासून ओट्यापर्यंत जुनं गोणपाट अंथरते. बाकी कुरिअर वगैरे उंबऱ्याबाहेरच.

पावसाळ्यात मात्र भीड सोडा. हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट, कुठलं तरी तुंबलेलं पाणी तुडवून माणूस आलेला असतो. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधं खरचटलं असेल तरी लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू तिथून शरीरात शिरतात. पालिका दर पावसाळ्यात हेच सांगते: पाण्यातून चालला असाल तर पाय साबणाने धुवा, जखम असेल तर डॉक्टरकडे जा, ताप येईपर्यंत थांबू नका. तेव्हा दारापासून बाथरूमपर्यंत जुनी चादर टाका, बादलीत कोमट पाणी आणि साबण तयार ठेवा आणि “आधी पाय धुवा, मग चहा” असं बिनदिक्कत म्हणा. पाहुणा चिडणार नाही, उलट सुटल्यासारखं म्हणेल, “बरं झालं बाई.” तोवर त्याच्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे. निघेपर्यंत निदान पचपच तरी कमी होते. छत्रीसाठी बादली वेगळी.

दुसऱ्याच्या घरी आपण गेलो तर न सांगता दारातच थांबावं. त्यांच्याकडे बूट चालत असतील तर ते हाक मारतीलच.

राहता राहिले गणपती. दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला जिन्याच्या पायऱ्यांवर उतरत जातात आणि खालच्या मजल्यावरचे कुरकुरतात. एका शेंबड्या पोराला चॉकलेट कबूल करून जोड जुळवायला बसवा, दोन डाव्या चपला घालून कुणी गेलं असेल तर तेही त्यालाच आधी कळतं. काळ्या सँडलच्या बायका जास्त, म्हणून हळदीकुंकवाला मी कपड्यांचे चिमटे ठेवते. आल्या आल्या आपला जोड एकत्र चिमटायचा. तरी एखादी बदलून गेलीच तर रात्री बिल्डिंगच्या ग्रुपवर उरलेल्या सँडलचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, “हिची बहीण कुणाकडे आहे?”