बीएमएसच्या आउटपुटवर कॉन्टॅक्टर चालवायचाय? आधी मध्ये एक रिले टाका

पहिला मोठा बॅटरी पॅक बांधला तेव्हाची गोष्ट. १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, २८० एएच, म्हणजे नॉमिनल ५१.२ व्होल्ट आणि फुल झाला की ५८.४ पर्यंत जाणारा. सगळं बांधून झालं, बीएमएसच्या (सेलवर नजर ठेवणारा बोर्ड, गडबड झाली की पॅक तोडायला सांगतो) आउटपुटची वायर उचलली आणि सरळ कॉन्टॅक्टरच्या (कॉइलला वीज मिळाली की ओढला जाऊन मेन लाइन जोडणारा मोठा स्विच, रिले त्याचाच छोटा भाऊ) कॉइलच्या प्लसला लावली, कॉइलचं दुसरं टोक मायनसला. टक नाही की टुक नाही. मीटर लावला तर आउटपुटवर शून्य व्होल्ट, म्हटलं बीएमएसच डेड आलाय, दुकानदाराला फोन करून भांडून पण झालं. मग कुणीतरी सांगितलं की अरे ते आउटपुट मायनसला ओढतं, तर मी हुशारी करून कॉइलचं एक टोक पॅकच्या प्लसला आणि दुसरं आउटपुटला लावलं, एकदा मस्त ओढला, सोडला, दुसऱ्यांदा ओढायला गेला तर आउटपुट कायमचं गेलेलं. दोन्ही वेळा चूक माझीच.

तर आधी हे आउटपुट म्हणजे काय ते बघू. बहुतेक कॉन्टॅक्टरवाल्या बीएमएसमध्ये ते ओपन ड्रेन असतं, म्हणजे आत एक छोटा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), जो चालू झाला की ती वायर ग्राउंडला जोडतो आणि बंद झाला की वायर लटकत सोडतो. तिथून व्होल्टेज बाहेर येत नाही. आणि त्या मॉसफेटला दोन मर्यादा असतात, करंट किती आणि व्होल्टेज किती, दोन्ही मॅन्युअलमध्ये दिलेले असतात आणि दोन्ही आपण वाचत नाही. करंट बहुतेक वेळा काहीशे मिलिअँप किंवा त्याहून कमीच. व्होल्टेजची मर्यादा समजा ३० असेल आणि तुम्ही कॉइल पॅकच्या ५८ व्होल्टवर टांगली, तर आउटपुट बंद असताना ते ५८ च्या ५८ त्या बिचाऱ्या मॉसफेटवर येतात. माझ्या केसमध्ये वरून कॉइलवर झटका गिळणारा डायोड पण नव्हता, म्हणजे कॉइल सोडताना ती मारते तो व्होल्टेजचा झटका वेगळाच.

आता कॉन्टॅक्टर किती मागतो ते बघा. ईव्ही२०० प्रकारच्या सीलबंद कॉन्टॅक्टरमध्ये इकॉनॉमायझर असतो, एकदा ओढून झालं की १२ व्होल्टवर ०.१३ अँपिअरच खातो, पण ओढताना क्षणभर ३.८ अँपिअरपर्यंत जातो. बीएमएसचं आउटपुट हे देणार नाही म्हणजे नाही. म्हणून मध्ये रिले. बीएमएसने रिले ओढायचा, रिलेने कॉन्टॅक्टर.

जोडणी सांगतो. कॉइलसाठी वेगळी १२ व्होल्ट लाइन करा, ई-स्कूटरला हेडलाइट-हॉर्नसाठी जो ४८ ते १२ चा कन्व्हर्टर येतो तो चालतो, फक्त इनपुट ६० व्होल्टच्या वर झेपणारा घ्या आणि आउटपुट किमान ५ अँपिअर, १० असेल तर उत्तम. तो कॉन्टॅक्टरच्या अलीकडून म्हणजे बॅटरीच्या बाजूने घ्यायचा, नाहीतर एकदा बंद झालेला कॉन्टॅक्टर परत कधीच ओढणार नाही, आणि त्याच्या इनपुटला २-३ अँपिअरचा डीसी फ्यूज. १२ व्होल्टचा प्लस इमर्जन्सी स्टॉपच्या लाल मश्रूम बटणाच्या एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) कॉन्टॅक्टमधून आणा, तिथून दोन फाटे: एक रिलेच्या ८६ ला, एक ३० ला (हे रिलेच्या पिनांवरचे आकडे: ८५-८६ कॉइल, ३० कॉमन, ८७ ओढल्यावर त्याला जोडला जाणारा, ८७ए सुटल्यावर). ८५ जातो बीएमएसच्या आउटपुटला. ८७ जातो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या प्लसला, कॉइलचा मायनस १२ व्होल्टच्या मायनसला. ८७ए रिकामा ठेवा, टेप मारा. आणि १२ व्होल्टचा मायनस आणि बीएमएसच्या आउटपुटचा ग्राउंड एकच असला पाहिजे, नाहीतर सर्किट पुरंच होत नाही. हा ग्राउंड कुठला ते मॅन्युअलमधल्या चित्रात बघा, अंदाजाने पॅक मायनस धरू नका.

गाडीचा साधा पाच पिनी रिले १२ व्होल्टवर १५० मिलिअँपच्या आसपास घेतो. तुमचं आउटपुट तेवढंही देत नसेल तर शुगर क्यूब रिले (सर्किट बोर्डवरचा छोटा चौकोनी) घ्या, ४०० ओहमची कॉइल, ३० मिलिअँपमध्ये काम.

डायोडबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथे अर्धी माहिती असलेले लोक फार. छोट्या रिलेच्या कॉइलवर १एन४००७ उलटा लावा, पट्टीवाली बाजू प्लसला, विषय संपला. पण कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर नुसता डायोड लावला तर कॉइलमधला करंट त्यातून फिरत राहतो, कॉन्टॅक्ट आळसावल्यासारखे हळू सुटतात, आणि डीसीमध्ये हळू सुटणं म्हणजे आर्क लांबणं, म्हणजे कॉन्टॅक्ट जळणं. तिथे डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलटा वाहणारा डायोड) उलट्या दिशेने टाका किंवा टीव्हीएस (झटका शोषणारा) डायोड वापरा, झटक्यात सुटतो. इकॉनॉमायझरवाल्यात हे आतच केलेलं असतं, तिथे बाहेरून काही चिकटवू नका.

दुसरी गोष्ट, आउटपुटचा अर्थ काय ते सेटिंगमध्ये तपासा. आपल्याला पाहिजे "सगळं ठीक असेल तर चालू". काही बीएमएसमध्ये उलटं असतं, गडबड झाली की चालू, त्यावर ८७ए वापरून लोक जुगाड करतात आणि ते चालतंही, पण वायर तुटली किंवा बीएमएसच मेला तर कॉन्टॅक्टर खुशाल ओढलेलाच राहतो. लॅचिंग कॉन्टॅक्टरचंही तेच, वीज वाचते पण सप्लाय गेला की जिथे आहे तिथेच बसतो. त्यापेक्षा थोडी वीज गेली तर गेली. ईव्ही२०० सारखा दिवसाला ४० वॅट-अवरही खात नाही, इकॉनॉमायझर नसलेला एसडब्ल्यू१८० सारखा उघडा कॉन्टॅक्टर मात्र दहाबारा वॅट सतत, म्हणजे दिवसाला अडीचशे-तीनशे, हा हिशोब आधीच करा.

आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत जाऊन मोटर स्टार्टरमधला एसी कॉन्टॅक्टर आणू नका, दिसायला दणकट असतो पण एसीमध्ये करंट दर सायकलला शून्यावर येतो म्हणून आर्क विझतो, डीसीमध्ये तो मान देत नाही. डीसीचाच घ्या, आणि त्यावर प्लस-मायनस छापलं असेल तर पाळा. शिवाय कॉन्टॅक्टर म्हणजे फ्यूज नव्हे. शॉर्टसाठी पॅकच्या प्लसलाच क्लास टी किंवा डीसी रेटिंगचा एचआरसी फ्यूज (दोन्ही मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारे) हवाच, एलएफपी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर फेकतो.

प्रीचार्ज, म्हणजे मेन ओढण्याआधी कपॅसिटर हळूहळू भरून घेणं. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, रिकामे असताना कॉन्टॅक्टर ओढला की क्षणभर शॉर्टच, ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट वेल्ड होऊ शकतात. कॉन्टॅक्टरला समांतर एक रेझिस्टर आणि छोटा रिले, दोघं आपसात सिरीज करून, लावायचे. समजा कपॅसिटर २०,००० मायक्रोफॅरड, रेझिस्टर ३३ ओहम, तर सुरुवातीचा करंट दीड अँपिअर, आणि ५ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर) म्हणजे साधारण ३.३ सेकंदात भरून होतं. ५० वॅटचा अॅल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर पुरे, कारण भार काही सेकंदांचाच. पण इन्व्हर्टर चालू ठेवून प्रीचार्ज केला तर व्होल्टेज वर चढतच नाही आणि पलीकडे शॉर्ट असेल तर त्याच रेझिस्टरवर सलग ८० वॅट पडतात, वास येईपर्यंत कळत नाही. म्हणून टायमर लावा, आणि पलीकडचं व्होल्टेज पॅकच्या ९५ टक्क्यांवर आल्याशिवाय मेन ओढू देऊ नका. प्रीचार्जच्या रिलेची कॉइल पण बीएमएसच्या परवानगीतूनच गेली पाहिजे, नाहीतर मागच्या दाराने पॅक जोडलेलाच.

आता लोक सगळ्यात जास्त फसतात ती जागा. चार्ज परवानगी आणि डिस्चार्ज परवानगी अशी दोन आउटपुटं असतात, ती दोन रिलेंनी सिरीज करून एकाच कॉन्टॅक्टरला लावली की दुपारी एक सेल ३.६५ व्होल्टला टेकला आणि खटकन सगळं घर बंद. त्याहून वाईट म्हणजे सोलर चालू असताना एमपीपीटीच्या (सोलरचा चार्ज कंट्रोलर) समोरची बॅटरीच काढून घेतली, त्याचं आउटपुट उसळतं आणि एमपीपीटी किंवा त्याला लागलेला इन्व्हर्टर जाऊ शकतो. चार्ज परवानगी एमपीपीटीच्या रिमोट ऑन-ऑफ इनपुटला द्या, डिस्चार्जची इन्व्हर्टरच्या रिमोटला, आणि कॉन्टॅक्टरला तिसरं, शेवटच्या हद्दीचं आउटपुट. मी चार्जिंग ३.५५ ला थांबवतो आणि कॉन्टॅक्टर ३.६५ ला, खाली इन्व्हर्टर २.८ ला बंद, कॉन्टॅक्टर २.६ ला, आणि मध्ये काही सेकंदांचा डिले. नीट लावलेल्या सिस्टिममध्ये कॉन्टॅक्टर महिनोन् महिने हलत नाही. खाली ट्रिप झाल्यावर मात्र चार्जर पण तुटलेला असतो, तेव्हा हाताने रिसेट करायची सोय आधीच ठेवा.

एका मित्राच्या शेतघरावर कॉन्टॅक्टर टकटकटकटक करत होता, सुगरणीने कांदा चिरावा तसा. त्याने २ अँपिअरचा स्वस्त बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) लावला होता, ओढायला गेला की १२ व्होल्ट पार खाली कोसळायचे, रिले सुटला, व्होल्टेज परत वर, परत ओढला. दहा मिनिटं असं चाललं आणि एक कॉन्टॅक्ट चिकटला, मग बटण दाबलं तरी इन्व्हर्टर चालूच. म्हणून शक्य असेल तर ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवाला (मेनसोबत हलणारा छोटा जादा कॉन्टॅक्ट) घ्या आणि त्यावर एक इंडिकेटर लावा, कॉइल बंद असताना दिवा चालू दिसला की चिकटलाय समजा.

टेस्ट करताना इन्व्हर्टर लावू नका, १२ व्होल्टचे चार इंडिकेटर बल्ब सिरीज करून लोड म्हणून लावा. सेलची सेन्स वायर (व्होल्टेज मोजणारी) उपटून ट्रिप बघू नका, काही बीएमएसचं इनपुट त्यातच जातं. सेटिंगमध्ये वरची हद्द आत्ताच्या सेल व्होल्टेजच्या खाली आणा, कॉन्टॅक्टर सुटतो का बघा, हद्द परत जागेवर ठेवा. मग ८५ ची वायर काढा, सुटला पाहिजे. मश्रूम बटण दाबा, सुटला पाहिजे. मग बीएमएसची पॉवर काढा, तरी सुटला पाहिजे.

आणि मेन टर्मिनलवर लग (केबलच्या टोकाचा भोकवाला डोळा) थेट कॉन्टॅक्टरच्या तोंडाला टेकवा, वॉशर वरून, नटच्या बाजूला. मी एकदा वॉशर मध्ये घातला होता, १०० अँपिअरवर तासाभरात केबलचं इन्सुलेशन मऊ पडलं.